दिवस भरायचेत

कोंडीबाने मुठीतली चिठ्ठी टेबलावर ठेवली, पण वरचा हात काही उचलला नाही.

"मामा, हात काढलात तर वाचता येईल," विनोदिनी म्हणाली.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या एका खोलीत ती परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून द्यायची. कोंडीबाने आधी दाराकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या विमानाच्या चित्राकडे. ही बाई पोलिसांना कळवणार नाही कशावरून? पण जतहून अडीच तास एसटीत धक्के खाऊन आला होता, तसंच माघारी जाणंही जिवावर आलं होतं.

"माझं न्हाई हे. मेव्हण्याच्या पोराचं हाय," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. मेंढरांशी खोटं बोलायची वेळ येत नाही, त्यामुळं सवय नव्हती.

मनात पाल चुकचुकली ती दीड वर्षापूर्वी. एकुलता एक मुलगा शिवतेज तेव्हा कॅनडात होता आणि इकडे पोलीस दारात येऊन विचारत होते. पोरगा हाच ना, काही भानगड, मारामारी? शिवतेज फोनवर हसला. "अण्णा, पक्कं राहायला मिळावं म्हणून पोलिसांचा दाखला लागतोय." पोलिसांनी चौकशी केल्यावर माणसाला पक्कं राहायला कुठं मिळतं, हे मेव्हण्याने, आकारामने, लगेच सांगून टाकलं. आकाराम म्हणजे राईचा पर्वत करून वर झेंडा लावणारा. पण पुढे एकेक गोष्ट जुळतच गेली. फोनवर पोराच्या मागे कायम तीच पांढरी भिंत. गळ्यात नंबराचा बिल्ला. सख्खा चुलता वारला तरी आला नाही. आणि मागल्या महिन्यात आईने, रंगुबाईने, "येतोस कवा?" विचारलं तर म्हणाला, "आजून दिवस भरायचेत."

"दिवस दोघांचंच भरत्यात, दाजी," आकाराम म्हणाला. "पोटुशीचं न्हाईतर कैद्याचं. पोरगं आत हाय."

त्या दिवसापासून रंगुबाईने चहा सोडला. पोरगं सुटलं की आरेवाडीच्या बिरोबावर भंडारा उधळीन, असा नवस बोलली. कोंडीबा मात्र कुणाशी बोलला नाही. आपल्या पोराने कुणाला मारलं असेल, हाच विचार रानात त्याच्या मागे मागे फिरायचा. लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

आता त्याने हात उचलला. चिठ्ठीवर शिवतेजने फोनवर सांगितलेले आकडे होते. एक हजार पंच्याण्णव. त्यातले झालेले, सातशे दोन.

"कशापायी झाली आसंल एवढी?"

"काय झाली?"

"शिक्षा."

विनोदिनी हसणार होती, पण समोरचा चेहरा बघून तिने पेन खाली ठेवलं.

"मामा, मुलगा कॅनडात आहे ना तुमचा?"

कोंडीबाने मान हलवली. मेव्हण्याचं पोर तिथंच संपलं.

"तुरुंगात नाही हो तो. उलट कायम राहायचा हक्क मिळालाय त्याला. लोक वर्षानुवर्षं वाट बघतात त्याची."

"आन् गळ्यातला नंबर?"

"कामावरचा बिल्ला असेल."

"म्हंजी मोकळा हाय?"

"अगदी मोकळा. आज निघाला तर परवा तुमच्या दारात."

कोंडीबाने पटका सोडून तोंड पुसलं. बिरोबा पावला. आकारामला कुठल्या शिवीपासून सुरुवात करावी, याचा तो विचार करू लागला आणि त्याला हसूही आलं. ते अर्ध्यातच थांबलं.

"मग येत का न्हाई?"

विनोदिनीने चिठ्ठी त्याच्याकडे वळवली. "हे दिवस तिथं राहून भरायचे असतात. पाच वर्षांत एवढे भरले की तिथला नागरिक होता येतं."

"आन् मधी चार दिस हिकडं आला तर?"

"येऊ शकतो की. फक्त इथले दिवस धरत नाहीत."

कोंडीबाने चिठ्ठीवरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"हितलं दिवस धरत न्हाईत," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आन् समदं भरल्यावर? हितला ऱ्हातो का न्हाई त्यो?"

"दोन्हीकडचं होता येत नाही, मामा. इथला पासपोर्ट परत करावा लागतो."

तिने पैसे घेतले नाहीत. एसटीत खिडकीशी बसून कोंडीबा घरी काय सांगायचं ते जुळवत होता. पोरगं मोकळं आहे, एवढं सांगणं सोपं होतं. पण त्यावर रंगुबाई पहिलं काय विचारणार, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानेही तेच विचारलं होतं.

ऊन कलताना ती फाट्यावरच येऊन उभी होती.

"आवं, काय म्हणाली बाई? कवा सुटतंय?"

कोंडीबाने पटका नीट केला. तो आधीच नीट होता.

"आजून दिवस भरायचेत."

"किती?"

"तीनशे त्र्याण्णव."

रंगुबाईने बोटांवर हिशेब केला. "म्हंजी वरीस आन् म्हयना," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा उजळला. "जाईल की निघून. आपल्या गावचा अमृत न्हाई का, सात वरसं कळंब्याच्या जेलात हुता. पर सुटला तसा सरळ घरलाच आला."

"व्हय," कोंडीबा म्हणाला.

"सुटल्यावर माणूस जातंय कुठं?"