दोघांचा एकेक पाय

व्हर्नाने बाही खांद्यापर्यंत सारली आणि साबण चोपडलेला हात थेट कोपरापर्यंत गाईच्या आत घातला. खोड्यात मान अडकलेली काळी गाय जोरात हंबरली.

"दोन पाय आहेत. डोकंही सरळ आहे," व्हर्ना म्हणाली. "साखळ्या दे गं."

जोलीनने, तिच्या सुनेने, साखळ्या दिल्या आणि व्हर्नाने त्या आतल्या दोन पायांना बांधल्या. लग्नाला सहा वर्षं झाली तरी अशा वेळी जोलीनच्या वाट्याला फक्त सामान धरणंच यायचं. मॉन्टानाच्या त्या खोऱ्यात मार्च महिन्यात गाय अडली की लोक डॉक्टरच्या आधी व्हर्नाला बोलवायचे. डॉक्टर सत्तर मैलांवर, आणि व्हर्नाचा हात चाळीस वर्षं मुरलेला. तो आत गेला की मालक निर्धास्त व्हायचा.

आजचा मालक, हार्लन, तर जरा जास्तच निर्धास्त होता.

"जेवणाच्या आत उरकेल ना? बायकोनं स्टू ठेवलाय."

"गाईला विचार. आणि पुतळ्यासारखा उभा राहू नकोस, ओढ. ती कळ देईल तेव्हाच हं!"

गाईने कळ दिली, दोघांनी ओढलं. काही हललं नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. गाईचे मागचे पाय लटपटायला लागले.

"मोठं वासरू असणार," हार्लन घाम पुसत म्हणाला. "जॅक लावू या."

त्याने भिंतीवरचा, वासरू ओढायचा लोखंडी जॅक काढला. त्याच्या जोराने वासरू तरी बाहेर येतं, नाहीतर गाय तरी फाटते.

"जॅक नको," जोलीन म्हणाली. "आधी मला हात घालू द्या."

हार्लनला हसू आलं, पण व्हर्नाचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं. व्हर्नाने सुनेकडे एकदा नीट बघितलं आणि बाजूला झाली.

जोलीनने डोळे मिटले. एका पायावरून बोटं छातीपर्यंत नेली. मग दुसऱ्या पायावरून. मग पुन्हा पहिल्या. डोळे उघडून तिने सासूकडे पाहिलं, मग हार्लनकडे.

"साखळी जरा सरकलीये. परत लावते," ती हळूच म्हणाली.

साखळी सरकलेली नव्हती, हे व्हर्नाला पक्कं ठाऊक होतं. ती सुनेजवळ सरकली.

"खरं काय ते बोल."

"जुळी आहेत. साखळी लावलीय ती एका पायाला ह्याच्या, एका पायाला त्याच्या."

हार्लनने जॅक खाली ठेवला. व्हर्ना लाजेने कानापर्यंत लाल झाली, पण आवाज खणखणीतच.

"ऐकलंस ना हार्लन? दोन वासरं मी एकत्र बांधली. गावात सगळे कॉफी प्यायला बसाल तेव्हा सांगशीलच, तर माझ्या नावासकट सांग. जोलीन, मागच्याचा पाय आत लोट. खूर मुठीत झाक, नाहीतर गर्भाची पिशवी फाटेल. घाई नको. आता पुढच्याचा दुसरा पाय शोध."

"सापडला!"

पहिली कालवड दोन कळांत बाहेर आली. दुसरा गोऱ्हा, तो बाहेर आला आणि निपचित पडला. जोलीनने त्याच्या नाकपुडीत काडी घातली. तो शिंकला आणि हार्लनने एवढ्या जोरात शिटी मारली की गाय दचकली.

"बाई गं, वाचवलंस," तो जोलीनला म्हणाला. व्हर्ना तिथेच होती, तरी पहिल्यांदाच तो व्हर्नाकडे न बघता बोलला.

जेवायला घरात गेल्यावर हार्लनच्या बायकोने शेगडीवरचं पाणी घमेल्यात ओतून दिलं. व्हर्नाने दोन्ही हात त्यात बुडवले आणि स्वस्थ उभी राहिली. शेजारी हात धुवायला आलेल्या जोलीनने बोट बुडवलं आणि चटकन मागे घेतलं.

"अहो, भाजेल! काढा हात!"

तिने मनगटं धरून सासूचे हात बाहेर काढले. ते लालबुंद झाले होते.

"कधीपासून?"

"नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून," व्हर्ना म्हणाली. "बोटं माझी राहिली नाहीत गं, काही कळतच नाही त्यांना. वाटलं, सवयीनं निभेल."

जोलीनने घमेल्यात गार पाणी ओतलं आणि लहान मुलाचे धुवावेत तसे ते हात धुतले. व्हर्नाने धुवू दिले.

"उद्यापासून हात तू घालायचास," हात पुसत व्हर्ना म्हणाली. "मी शेपूट धरेन."

"आणि गप्प राहाल?"

"ते मात्र शक्य नाही."