टेलर मास्तरांनी काढलेला क्रॉस

वाकल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही, आणि गाडीखाली वाकायची हौस कुणाला असते? म्हणून म्हटलं, आपणच बोलावं. मी क्रॉस. जुन्या जीपच्या पोटाखालून पुढून मागे एक लांब लोखंडी दांडा जातो, त्याला शाफ्ट म्हणतात. इंजिनाचा जोर तो मागच्या चाकांपर्यंत नेतो. रस्ता खाली-वर झाला की दांड्यालाही खाली-वर व्हावं लागतं, आणि ते करताना फिरायचं मात्र थांबता येत नाही. ही कसरत त्याला माझ्यामुळे जमते. त्याच्या मागच्या टोकाला, लोखंडी चिमट्यात, अधिकच्या चिन्हासारखे चार हात पसरून मी बसायचो. पुढच्या टोकाला माझ्यासारखाच आणखी एक आहे. त्याची तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे त्याला सांगण्यासारखी गोष्टच नाही.

माझा जन्म भट्टीतला. लाल होईस्तोवर तापवला, घणाखाली चेपला, मग घासून घासून गुळगुळीत केला. चारही हातांवर टोप्या चढवल्या आणि प्रत्येक टोपीत बारीक पोलादी सुया गोल उभ्या केल्या. टोपी हातावर गरगर फिरते ती या सुयांमुळे. सुया आणि त्यांना लागणारं ग्रीस, एवढ्यावर माझा संसार. ग्रीस मिळालं तर मी वर्षानुवर्षं हूं की चूं करत नाही.

पहिले मालक जमिनी मोजणारे साहेब. साहेबांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांचा ड्रायव्हर देवमाणूस. न चुकता गाडीखाली आडवा व्हायचा, ग्रीसगन लावायचा आणि माझ्याशी गप्पा मारायचा. घरात सुनेचं आणि सासूचं कसं पटत नाही, हे जगात पहिल्यांदा मला कळलं. दुसरा मालक खडीवाला. त्याने बॉनेटला पॉलिश केलं, सीटला मखमल लावली, आरशाला गोंडे बांधले, आणि खाली कधी डोकावून पाहिलं नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. दगडांची ओझी वाहून वाहून माझं ग्रीस वाळलं, सुया झिजायला लागल्या. माणसं चेहऱ्याला रोज आरसा दाखवतात आणि पोटात दुखायला लागलं की मग डॉक्टर शोधतात. गाडीचंही ते तसंच करतात.

तिसऱ्या मालकीणबाई म्हणजे नर्सबाई. बाळंतपणं करणाऱ्या. डोंगरावरच्या वस्त्यांना दुसरं वाहन चढत नाही, म्हणून त्यांनी ही जुनी जीप घेतली. बाई गाडी चालवताना स्वतःशी बोलतात. फळीखालून मला सगळं ऐकू यायचं. जाताना म्हणायच्या, "धीर धर गं, आलेच," आणि येताना गुणगुणायच्या. कधी गुणगुणणं नसलं की मी समजायचो आणि उतारावर जमेल तितका गुपचूप फिरायचो.

बाईंचे यजमान शिवणकाम करतात. सगळी पेठ त्यांना मास्तर म्हणते. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, मधोमध कापायचं लांब टेबल, आणि कोपऱ्यात मास्तरांची थोरली बहीण, ताई. काजं करायची, बटणं लावायची आणि भावाला टोमणे मारायचे, ही तिन्ही कामं ताई एकाच वेळी करतात आणि तिन्हीत टाका चुकत नाही.

माझं दुखणं पहिल्यांदा ऐकलं ते मास्तरांनी. बाई अंगणात गाडी आणून गिअर बदलायच्या तेव्हा माझ्यातून टक् असा आवाज यायचा, आणि हळू चालताना चिवचिव. मशीनच्या आवाजावरून सुई बोथट झाली की नाही ते ओळखणारा माणूस तो. त्यांनी बायकोला सांगितलं, खाली काहीतरी सैल झालंय. बाई म्हणाल्या, म्हातारी गाडी आहे, कुरकुरणारच, आपण नाही का कुरकुरत?  दुसऱ्या दिवशी मास्तर पोतं अंथरून गाडीखाली गेले आणि दांडा हाताने हलवून पाहिला. मी चिमट्यात डुगडुगलो. माझ्या टोपीतून विटकरी रंगाची भुकटी त्यांच्या कपाळावर सांडली. साहेबांच्या ड्रायव्हरनंतर इतक्या वर्षांत मला भेटायला आलेला तो पहिला माणूस. मला इतकं भरून आलं की काय सांगू.

नेहमीचा मेकॅनिक आई आजारी म्हणून परगावी गेलेला. मास्तरांनी त्याला फोन लावला. तो म्हणाला, आता ही गाडी डोंगरावर नेऊच नका. चढावर क्रॉस तुटला तर दांडा जमिनीत रुतेल आणि गाडी बाईंसकट दरीत जाईल. दुसरा मेकॅनिक घाटापलीकडे, आणि तिथवर जायचं तर घाट चढायला हवा. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणि नेमकी तीच वेळ नडीची होती. वरच्या वस्तीतल्या चौकीदाराच्या सुनेचे दिवस भरले होते. तिच्या पहिल्या खेपेला कुणी वेळेवर पोचलं नव्हतं आणि मूल गेलं होतं. तेव्हा बाई या भागात आल्या नव्हत्या. या खेपेला बाईंनी तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता, तुझ्या वेळी मी येणारच. त्या रात्री जेवताना बाईंनी एवढंच सांगितलं की गाडी असो नसो, त्या जाणार. पायी निघाल्या तरी जाणार. मास्तरांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मशीन ते मशीन. मी करतो."

नवा क्रॉस गाडीच्या सामानाच्या दुकानातून आला. मास्तरांनी चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ओंडके सरकवले आणि आत शिरले. गळ्यातली टेप काढायची राहिली होती. ताई पायरीवरून म्हणाल्या, जीपचं माप घेतोयस होय, मग जरा ढगळच शिव, अजून वाढतं वय आहे तिचं. मेकॅनिकने फोनवर बजावलं होतं, सुटं करण्याआधी खुणा करा, जसं होतं तसंच परत बसलं पाहिजे. मास्तरांनी खिशातला कापडावर आखायचा खडू काढला आणि दांड्यावर दोन सुबक रेघा मारल्या. सगळे नटबोल्ट बटणांच्या डब्यात, प्रत्येक जोडी वेगळ्या खणात. असं टापटिपीचं काम मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं.

दांडा कापायच्या टेबलावर आला आणि त्याच्याबरोबर मी. मास्तरांनी हातोडीने हलक्या हाताने ठोकून माझ्या टोप्या काढल्या. ठोकताना "जरा सोस" म्हणाले, खरंच म्हणाले. एका टोपीतून सुयांऐवजी नुसता चुरा पडला. तो त्यांनी तळहातावर घेतला, ताईंना दाखवला आणि म्हणाले, एवढ्या जिवावर ही डोंगर चढत होती. ताईंनी त्या वेळी टोमणा मारला नाही. डोळ्यांना पदर लावला आणि खोटंच म्हणाल्या की कसपट गेलं.

माझ्या जागी नवा बसला. तुकतुकीत, तेलाने माखलेला. मला मास्तरांनी चिंधीने पुसून टेबलाच्या कडेला ठेवलं. जन्मात पहिल्यांदा मी जग वरून पाहत होतो, आणि म्हणूनच पुढचं मला दिसलं. हा दांडा दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. आत दाते असतात, आणि मास्तरांनी जुनं ग्रीस काढायला ते दोन तुकडे वेगळे केले होते. आता जोडायची वेळ आली. मास्तर एक पाऊल मागे सरले, मान वाकडी करून काम निरखलं, समाधानाने हुंकार दिला आणि ब्रश उचलला. गिऱ्हाइकाच्या हातात कपडा द्यायचा तर त्यावर खडूची रेघ दिसता कामा नये, हा त्यांचा उभ्या आयुष्याचा नेम. त्यांनी दोन्ही तुकड्यांवरच्या रेघा झटक्यात साफ केल्या, वर फुंकरही मारली.

मी ओरडलो असतो हो. पण आम्हाला तोंड दिलंय कुठे?

मग त्यांनी तुकडे अंदाजाने एकमेकांत सरकवले, दांडा गाडीखाली चढवला, बोल्ट कसले. बाई चाचणीला निघाल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या त्या थरथरतच. अख्खी जीप हिव भरल्यासारखी कापत होती, काचा खडखडत होत्या. बाई उतरल्या आणि किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवून आत गेल्या. मास्तरांना ते फार लागलं. त्यांना वाटलं, नवा भागच खराब निघाला. मेकॅनिकला पुन्हा फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, खुणा जुळवल्या का? मास्तरांचा हात खिशातल्या खडूवर गेला आणि तिथेच थांबला. ताईंच्या सगळं ध्यानात आलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, लग्नाच्या फोटोवर पण ब्रश फिरवशील एक दिवस.

मेकॅनिक मात्र शांत माणूस. तो म्हणाला, खुणा गेल्या तर जाऊ देत. दांड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत आले पाहिजेत, तेवढं बघा. मास्तर म्हणाले, म्हणजे एक बाही पुढे आणि एक मागे वळलेली चालत नाही. तो म्हणाला, अगदी बरोबर.

फोन ठेवतात न ठेवतात तोच पुन्हा वाजला. वरून चौकीदार बोलत होता. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

बाईंनी आपली बॅग गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली. मग कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरल्या आणि दांडा सुटला की खाली पडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी पेलून धरला. मास्तरांची घाई झाली होती. पाना बोल्टवर बसेना. तेव्हा बाई जे बोलल्या ते मला दारातून स्पष्ट ऐकू आलं.

"अहो, घाई करू नका. बाळंतिणीच्या उशाशी मी कधी घाई करत नाही. मी तुमच्या उशाशी आहे असं समजा."

मास्तरांनी पाना पुन्हा लावला आणि तो नेमका बसला. दांडा टेबलावर आला. त्यांनी गळ्यातली टेप दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरली, एक डोळा मिटला, आणि तुकडा एकेक दात सरकवत चिमटे रेषेत आणले. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. दांडा परत चढला. शेवटचा बोल्ट बाईंनीच कसला. मग कपड्यांवर ग्रीसचे डाग घेऊन त्या गाडीत बसल्या आणि निघाल्या. जीप गल्लीतून गेली ती लोण्यातून सुरी जावी तशी. मी कान देऊन ऐकत होतो. ना टक्, ना चिवचिव.

खरं सांगतो, तेव्हा वाईट वाटलं. इतकी वर्षं बाई निघाल्या की मीही निघायचो. आता त्या चालल्या होत्या आणि मी टेबलावर.

दुपार सरेना. मास्तर दारात जाऊन येत होते, दारात जाऊन येत होते. अखेर ताई म्हणाल्या, अरे, हात रिकामे ठेवलेस तर डोकं खाईल तुला. काहीतरी कापायला घे. त्यांनी कपाटातून मऊ धुतलेलं पांढरं कापड काढलं आणि टेबलावर पसरलं. खिडकीतून वारा येत होता, कापड उडत होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि त्या कापडाच्या काठावर ठेवलं. मी फिरण्यासाठी घडवलेला. एका जागी गप्प बसून कुणाच्या कामाला यावं हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मास्तरांनी झबलं आखलं. आखताना मात्र एका रेघेलाही ब्रश लावला नाही. ताई बघत होत्या आणि गालात हसत होत्या.

उन्हं उतरली तेव्हा जीप आली. मास्तर दारात उभे राहिले. विचारायचं होतं एक, आणि तोंडातून निघालं भलतंच.

"गाडी कशी चालली?"

बाई सीटवरच बसून राहिल्या. डोळे लाल होते. "गाडीचं विचारता होय," त्या म्हणाल्या. "वेळेत पोचले. मुलगी झाली. आधी जरा गप्पच होती, मग अशी रडली की घर डोक्यावर घेतलं. आई सुखरूप आहे. अहो, ती माझा हातच सोडत नव्हती." मास्तर पायरीवर खाली बसले आणि रडायला लागले. बाई येऊन शेजारी बसल्या. ताई आतून म्हणाल्या की दोघांनी हातपाय धुवा, पण त्यांचा आवाजही धड नव्हता.

त्या मुलीला मी कधी माहीत होणार नाही. तिच्यापर्यंत मी पोचलोच नाही. माझ्या जागी बसलेला तो नवा पोचला. त्याचं भलं होवो. लोकांना वाटेल, म्हाताऱ्याला वाईट वाटत असेल. थोडं वाटलं, मघाशी सांगितलंच. पण मी हट्टाने तिथेच चिकटून राहिलो असतो, तर त्या चढावर काय झालं असतं, हे तुमच्याइतकंच मलाही कळतं. गाडीखाली माझ्याइतके घासून घासून चालणारे पुष्कळ असतील. जमलं तर वाका, एकदा हात लावून बघा. बाकी माझं मागणं काही नाही.

मास्तर, उभा जन्म मी जोर लावला, पण माझं सगळ्यात मोठं काम तुमच्या हातून झालं. तुम्ही मला वेळेवर काढलंत. उपकार झाले.