एक उत्तर मागे

या गोष्टीवर विश्वास ठेवील असा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यावा. सूनबाई, तुझी भुवई आत्ताच वर गेलीय. जाऊ दे, सांगणारा काही थांबत नसतो. पाहुण्यांनी पाय पसरून बसावं.

तर एका शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मुलं त्यांना पूर्णविरामबाई म्हणत, कारण बाई दारात दिसल्या की सगळं जिथल्या तिथे थांबे. माशीसुद्धा वाक्य पुरं केल्याशिवाय उडत नसे. बाईंच्या हिशेबी जगात माणसं दोनच जातींची. एकीला कर्ता-क्रियापद कळतं, आणि दुसरीचे मुख्याध्यापक होतात. नववीचा वर्ग म्हणजे बाईंचा संसार. घरी एक म्हातारी मावशी होती नि एक मांजर होतं. मावशीला ऐकू येत नसे आणि मांजराला ऐकायचं नसे. त्यामुळे बाईंचं ऐकणारं असं जगात काय ते हे एवढंच, नववीचा वर्ग.

आणि नेमका तोच जायची पाळी आली, कारण शाळेत ट्रेलर सर आले.

सरांच्या काखेत कादंबऱ्या, खांद्याला लॅपटॉप आणि तोंडात सदैव ज्वलंत प्रश्न. इंग्रजी शिकवायचं ते कादंबरीतून, सिनेमातून आणि ज्वलंत प्रश्नांतून, ही त्यांची पद्धत. कुठलाही सिनेमा ते सुरुवातीपुरताच दाखवत आणि कुठल्याही कादंबरीचं फक्त मागचं पान वाचत, म्हणून ट्रेलर. पुस्तकाच्या पोटात काय आहे ते त्यांनाही ठाऊक नसे. ठाऊक असायची गरजच नव्हती. असल्या माणसाला प्रश्न विचारणारा दुसरा असलाच असतो.

पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये चहाचा कप फिरवत ते म्हणाले, "बाई, व्याकरण मेलं हो. भाषा जगायची असते."

"मेलं?" बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या जिभेवरून घसरून पडलं असेल. तिथे काही टिकत नाही म्हणतात."

बाई अशा. पण शाळा बाईंची नव्हती, मोठ्या बाईंची होती. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. नवं दिसलं की त्यांना गहिवरून येई, मग तो नवा माणूस असो की नवं पायपुसणं. त्यांनी पूर्णविरामबाईंना खोलीत बोलावून घेतलं.

"समिती येतेय, बाई. सरांची पद्धत पसंत पडली तर नववी कायमची सरांकडे जाईल."

"आणि मी?"

"तुम्ही बालवर्गात. काही ताण नाही बघा. रंगीत खडू वाटायचे, नाकं पुसायची."

"नाकांची सवय आहे मला. स्टाफरूममध्ये बसते मी."

"तोवर सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसा," मोठ्या बाई म्हणाल्या. "शिकण्यासारखं पुष्कळ आहे."

बाई गेल्या आणि मागच्या बाकावर, ओठ शिवल्यासारखे मिटून बसल्या. पुढे भिंतीवर सिनेमा चालू. लॅपटॉपचा आवाज बसलेला, म्हणून सिनेमातला प्रश्न सर स्वतःच छाती काढून विचारत, आणि त्याचं उत्तर मुलांनी चित्राखाली उमटणाऱ्या ओळीतून एका सुरात वाचायचं. झकास. फक्त खालची ओळ एक उत्तर मागे होती.

सर गरजले, "कसे आहात आपण?" खाली काहीच उमटलं नाही. मुलं गप्प.

"आपलं नाव काय?"

"मजेत आहोत, आभारी आहोत!" मुलं ओरडली.

"आपण कुठून आलात?"

"कॅप्टन!"

हे सगळं इंग्रजीत बरं का. मराठीत सांगावं लागतंय, नाहीतर इथले निम्मे पाहुणे उठून जातील.

सरांना पत्ता नव्हता. ते स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात, आणि प्रेमात पडलेल्याला उत्तराशी काय देणंघेणं? बाईंच्या मात्र पहिल्या झटक्यात ध्यानात आलं. हात लाल पेनाकडे गेला. तोंड उघडलं. आणि, सूनबाई, नीट ऐक, मिटलं. उभ्या आयुष्यात चूक दिसली आणि बाई गप्प बसल्या, असं तेव्हा पहिल्यांदा झालं. मनात म्हणाल्या, 'बुडू दे मेल्याला. समितीसमोर बुडू दे, चांगला गटांगळ्या खात.'

आता मुलांची भाषा म्हणजे ओली माती. सिनेमा बंद झाला तरी खोड जाईना. इंग्रजीत काहीही विचारा, मुलं आधीच्या प्रश्नाचं उत्तर देणार. हजेरीला पहिल्या नंबरची मुलगी नाकासमोर बसून रोजच्या रोज गैरहजर लागली. ज्वलंत प्रश्नांचा तास तर ऐकण्यासारखा.

"पाणी कसं वाचवावं?" सर विचारत. मग लगेच, "पुढाऱ्यांचं काय करावं?"

"घट्ट पिळून बंद करावेत!"

"वडीलधाऱ्यांशी कसं वागावं?"

"दर पाच वर्षांनी बदलावेत!"

"प्लास्टिकचं काय करावं?"

"मायेनं जवळ बसावं, त्यांच्या जुन्या गोष्टी ऐकाव्यात!"

"वा!" सर म्हणत. "काय ही विचारांची झेप!" मागच्या बाकावर बाई रुमालात तोंड खुपसून खोकत. तो खोकला नव्हता.

आणि समिती आली. अध्यक्ष पुढे, पोट त्यांच्याही पुढे. मागून एक शिक्षणतज्ज्ञ बाई, चष्मा डोक्यावर चढवलेल्या, कारण डोळ्यांनी बघायची त्यांची वेळ केव्हाच निघून गेली होती. मोठ्या बाई दोन्ही हात जोडून तिरक्या चालत होत्या. सरांनी नवा कोट घातला होता. बाई मागच्या बाकावर, जत्रेतला पाळणा तुटायची वाट बघावी तशा.

आदल्या दिवशी तास संपताना सरांनी विचारलं होतं, या कादंबरीत काय मांडलंय? घंटा झाली, आणि उत्तर मुलांच्या घशात राहून गेलं होतं.

अध्यक्षांनी घसा साफ करून इंग्रजीत विचारलं, "कसं काय मुलांनो?"

"आधुनिक माणसाचं एकाकीपण, सर!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. आता पडणार. पण पडण्याचा आवाज येईना, म्हणून एक डोळा उघडला. अध्यक्ष विरघळत होते.

"ऐकलंत?" ते गदगदून म्हणाले. "आम्ही या वयात 'बरं आहे' म्हणायचो. केवढी ही खोली!" मग मुलांकडे वळून, "दप्तरात काय काय आहे रे?"

"मजेत आहोत, सर!"

"ओझं जाणवतच नाही त्यांना," तज्ज्ञबाई कुजबुजल्या आणि पुढे झाल्या. "मुलांनो, कादंबरीनं तुम्हाला काय दिलं?"

"अर्धा डबा, मोडका कंपास आणि एक मोजा!"

तज्ज्ञबाईंचा चष्मा डोक्यावरून नाकावर आला. "प्रतीकं! अर्धा डबा म्हणजे अपुरी भूक. मोडका कंपास म्हणजे दिशा हरवलेली पिढी. आणि मोजा बघा, एकच मोजा!"

"एकाकीपण," अध्यक्ष म्हणाले.

"एकाकीपण," मोठ्या बाईंनी डोळे टिपले.

सर कोटाची बटणं कुरवाळत उभे. त्यांनाही हे सगळं आत्ताच कळत होतं, पण चेहरा असा, की जणू त्यांनीच तो मोजा विणला.

पूर्णविरामबाईंच्या पायाखालची फरशी सरकली. ज्या खड्ड्यात गडी पडायचा तो खड्डा नव्हताच, पालखी होती! गाढवांच्या बाजारात रेकणं म्हणजे गाणं, हे बाईंना आधी कळायला हवं होतं. नववी चालली. रंगीत खडू दिसायला लागले, नाकं दिसायला लागली. अध्यक्ष खिशातलं पेन काढत होते.

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख झालं. ही मुलं म्हणजे बंदूक आहे. गोळी आधी भरायची, चाप दुसऱ्यानं ओढायचा.

बाई उठून उभ्या राहिल्या. "एक प्रश्न मी विचारू?"

"विचारा, विचारा," सर हसून म्हणाले. "बघा जमतंय का नव्या पद्धतीत."

बाईंनी स्वच्छ, ठाशीव इंग्रजीत विचारलं, "जन्मभर पुस्तकं वाहतो पण एकही वाचत नाही, असा प्राणी कोणता?"

मुलं म्हणाली, "काही नाही, बाई!"

ते तज्ज्ञबाईंच्या प्रश्नाचं उत्तर होतं, कादंबरीनं काय दिलं त्याचं. सबंध दिवसात कुणी खरं बोललं असेल तर ते एवढंच. पण सगळे बाईंनाच हसले.

"बघितलंत?" सर म्हणाले. "जुन्या प्रश्नांना उत्तरंच नसतात."

बाई खाली बसल्या, हात जोडून, गरीब गाय. गोळी भरून झाली होती.

अध्यक्षांनी कौतुकानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाला विचारलं, "आणि हे गृहस्थ कोण?"

"गाढव, सर!"

सरांच्या कोटाचं बटण तुटून पडलं. अध्यक्ष लालबुंद झाले. "हा काय आगाऊपणा! मी कोण आहे ठाऊक आहे का?"

"आमचे इंग्रजीचे सर!"

आता बघा, सरांना गाढव म्हटलं ते अध्यक्षांनी एक वेळ गिळलं असतं. पण आपल्याला मास्तर म्हटलं? मास्तर? त्यांच्या मानेची शीर टरारली. "हे शिकवलं कुणी तुम्हाला?"

"अध्यक्षसाहेब, तुम्ही!"

तज्ज्ञबाईंनी चष्मा परत डोक्यावर चढवला. मोठ्या बाई भिंतीला टेकल्या. अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. "या वर्गातून हाकलायला हवं ते कुणाला?"

"ट्रेलर सर!" मुलं आनंदानं ओरडली. कारण शिकवलं कुणी, हे त्यांना अगदी पक्कं माहीत होतं.

झालं. सरांची पद्धत त्याच दिवशी गुंडाळली. सरांना हाकललं म्हणता? छे! त्यांना समितीवर घेतलं. आपल्याकडे हलका माणूस कधी खाली पडत नाही, त्याला वजनच नसतं, तो वर पडतो. ते आता शाळाशाळांतून हिंडून लोकांना पास-नापास करतात आणि बिस्किटं खातात.

आणि नववी? नववी बाईंची झाली. दुसऱ्या दिवशी बाई नवा खडू घेऊन वर्गात शिरल्या. बालवर्गात मास्तरणी दुसरी कुणी गेली, ते सोडा. मोठ्या बाई लाज झाकायला दारात येऊन उभ्या होत्या. बाईंनी फळा पुसला, हात झटकले, आणि एवढं सगळं जिंकलेला माणूस विचारील तेच विचारलं, इंग्रजीत, जरा मान वर करून.

"मग मुलांनो, आजपासून तुम्हाला कोण शिकवणार?"

"तुम्ही, बाई! तुम्ही!" पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत सगळी ओरडली.

मोठ्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. "काय जीव लावलाय हो मुलांनी!" म्हणत त्या गेल्या.

बाईंच्या हातातला खडू मात्र मोडला. कारण साऱ्या शाळेत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, की कालचा एक प्रश्न अजून लटकत होता. अध्यक्षांचा. या वर्गातून हाकलायला हवं ते कुणाला?

बाई खुर्चीत बसल्या. समोर मुलं, हसरी, निष्पाप, दात पडलेल्या कंगव्यासारखी. ज्यांच्यासाठी एवढं कारस्थान केलं, ऐकणारं एवढं एकच घर सांभाळलं, त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, आणि तेही कोरसात.

नाही, असं तोंड पाडू नका. गोष्ट इथे संपत नाही, शेवट गोड आहे. बाईंनी धीर केला. घोटभर पाणी प्यायल्या. म्हणाल्या, विचारूनच टाकू, काय व्हायचं ते होऊ दे. आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मुलांनो, तुमची सगळ्यांत लाडकी कोण रे?"

आणि काय सांगू तुम्हाला! क्षणाचाही विलंब नाही. सगळा वर्ग उभा राहून ओरडला, "तुम्ही, बाई! तुम्ही!" बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मुलांची खोड त्या मायेनं जागच्या जागी सुटली, आणि तेव्हापासून...

"मामंजी, थापा!" सूनबाई ताडकन उठली. "धडधडीत खोटं! कुठली सुटली खोड? 'तुम्ही' हे तर आधीच्या प्रश्नाचं उत्तर, शिकवणार कोण त्याचं. लाडकं कोण, ते मुलांनी अजून सांगितलंच नाहीये!"