चार खणांचे पाइप

“हाताने फिरव. पान्याला हात लावायचा नाही,” आत्या म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याने पितळी कपलिंग पाइपाच्या टोकावर धरून फिरवलं. दोन आटे लोण्यासारखे गेले आणि तिसऱ्याला जे अडलं ते अडलंच. दात-ओठ खाऊन झाल्यावर त्याने हळूच पाना शोधला. तो आत्यांनी केव्हाच स्वतःच्या पर्समध्ये टाकला होता.

रविवारी आमचं ‘आपली गाडी आपण धुवा’ सुरू व्हायचं होतं. चार खण, प्रत्येकात एक पाइप, एक गन. बटण दाबा, धुवा, निघा. आज गुरुवार होता. पाइप एकीकडून आणि कपलिंगं दुसरीकडून मागवलेली. आटे दिसायला जुळे, पण जमत नव्हते. विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं, टेप जास्त गुंडाळा, पान्याने आवळा, बसतं.

“बसतं खरं,” आत्या म्हणाल्या, “आणि मग एक दिवस उडतं.”

आत्या म्हणजे माझ्या आतेसासूबाई. सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्यात जास्त दाबाचे पाइप कापून त्यांना टोकं बसवली. घरात याचं वर्णन ‘आत्या पाइपच्या कंपनीत आहे’ एवढ्यावर आटपायचं. मला तर लग्नानंतर कित्येक वर्षं वाटायचं, त्या तिथे फायली लावत असतील. त्यांना कुणी काही विचारत नसे. आजही त्या नुसती शेड बघायला आल्या होत्या. नवऱ्याने पंख्याखाली खुर्ची दिली, त्यात जेमतेम पाच मिनिटं बसल्या, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून पाइपावरची बारीक छपाई वाचायला लागल्या. तिथे दोन आकडे होते. एक रोज चालवायच्या दाबाचा, दुसरा पाइप फुटतो त्या दाबाचा. नवऱ्याने मोठा आकडा बघून, खूश होऊन पाइप घेतला होता.

तो चिडला. नोकरी सोडून झाली होती, रविवारची आमंत्रणं गेली होती, आणि चाळिशीच्या माणसाला ‘बाळ्या’ म्हणत आटे शिकवणं चाललं होतं. हा काही कारखाना नाही, तो म्हणाला, गाड्या धुवायच्यात, पाणीच तर आहे.

आत्यांनी डावा हात पुढे केला. त्यांचं मधलं बोट शेवटच्या पेराआधीच संपतं. ते दारात चेमटलं, असं आम्ही सगळे समजून होतो.

“टाचणीएवढं भोक होतं पाइपाला. दिसेना, म्हणून हात फिरवून बघितला. धार सुईसारखी आत घुसली, बोट कापावं लागलं. पाणीच होतं, बाळ्या.”

 मग नवऱ्याने विचारलं, दाराचं कुणी सांगितलं होतं.

“मीच. खरं सांगितलं असतं तर दादाने, तुझ्या बाबांनी, दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायला लावली असती.” त्यांनी हात मागे घेतला. “तिथे निदान मी शिकलेली होते. इथे कुणीही येणार. पाइप ओढणार, पिळणार, वरून चाक नेणार. त्यांना शिकवायला तू उभा नसणार. म्हणून पाइपालाच शहाणं असावं लागतं.”

त्यानंतर मला कामाला जुंपलं. पाइप जिथून लटकणार त्या छताच्या कडीला कपडे वाळत घालायची दोरी बांधून तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि आमच्या गाडीभोवती फिरायला लावलं. घरातली सगळ्यात बुटकी मीच. माझा हात पलीकडच्या मागच्या चाकाला पोचला तर सगळ्यांचा पोचेल. चारही खणांत वेगळं माप निघालं. बाळ्यांनी सगळीकडे एकच धरलं होतं, स्वतःच्या उंचीचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पाइपच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिला प्रश्न नवऱ्याला विचारला, दुसराही त्यालाच.

“यांना विचारा,” नवरा म्हणाला. आणि थोडं थांबून, “यांची सव्वीस वर्षं यातच गेली.”

आत्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि कामाला लागल्या. आत तारेचे दोन थर हवेत. वरचं आवरण करडं, काळं असेल तर लोकांच्या गाड्यांवर रेघा उठतात. टोकं मशीनवर दाबून बसवलेली, कपलिंग त्याच आट्यांचं, आणि गनपाशी फिरता सांधा, म्हणजे कुणी कितीही पिळलं तरी पाइपाला पीळ पडणार नाही. दुकानदार हळूहळू ताठ बसला. आठ टोकांपैकी एक त्यांनी नखाने चाचपून परत दिलं. त्याने मुकाट्याने नवीन बसवलं.

रविवारी पहिली आली ती घाईतली बाई, गाडी चिखलाने माखलेली. एका हाताने फोन, दुसऱ्याने गन. तिने पाइप ओढला, पिळला, गाडीभोवती दीड फेरी मारली, गन जमिनीवर टाकली आणि गाडी मागे घेताना चाक थेट पाइपावरून नेलं. माझ्या तोंडून “अगंबाई” निघालं. तिने मात्र पाइपाकडे एकदाही पाहिलं नाही.

आत्या उठल्या. खोक्याचा एक कोरडा पुठ्ठा घेऊन त्यांनी दाब असलेल्या पाइपालगत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, आणि उलटा करून नवऱ्याला दाखवला. एक थेंब नव्हता.

नवऱ्याने तो पुठ्ठा त्यांच्या हातातून घेतला आणि दुसऱ्या खणाकडे गेला. तो कुठे चुकतोय का, हे बघत आत्या उभ्या राहिल्या. तो कुठेच चुकत नव्हता.