मधेच तोडलेलं प्रकरण

आमची सून उत्कर्षा खोटं बोलते. तेही तोंडावर, आणि लकवा मारलेल्या सासऱ्याशी.

ह्यांचा उजवा पाय गेला. साताऱ्याचा डॉक्टर म्हणाला, चालले तर उठतील, नाहीतर खाट आहेच. जन्मभर मेंढरांमागं रानं तुडवलेला माणूस, पण खाटेवरून गोठ्यापर्यंत जायला तयार नाही. भिंतीकडं तोंड करून पडायचे.

उत्कर्षानं वडूजच्या वाचनालयातनं जाडजूड कादंबरी आणली. आधी खाटेजवळ बसून अख्खं प्रकरण वाचायची. एकेक प्रकरण एवढं लांब, की निम्म्यातच हे घोरायला लागायचे. दुसऱ्या दिवशी तिनं "फुडं वाचू का, मामा?" म्हटलं की, "ऱ्हाऊ दे."

मग तिनं खुर्ची गोठ्याच्या दारात नेली. "हितं या, तरच वाचते." कुरकुरत, भिंत धरत हे जायचे. पाच-सहा पानं झाली की पुस्तक मिटायचं.

"संपलं प्रकरण, मामा."

"आता गं? बाई पोराला घिऊन नदीत उतरली, आन् संपलं?"

"लिहिणाऱ्यानंच तिथं थांबवलंय. मी काय करू?"

आज ती बाजाराला गेली, तेव्हा मी पुस्तक उघडलं. दुसरीपर्यंत शिकलेय मी. अक्षराला अक्षर लावत बसले. प्रकरण संपलं की खाली पान कोरं राहतं, एवढं मलाही कळतं. तिच्या खुणेच्या पानावर कोरी जागा कुठंच नव्हती. बाई नदीत उतरते, आणि पुढच्याच ओळीत पाणी कमरेला लागतं.

मी तडक ह्यांच्याकडं. "आवं, सून फसवती तुमास्नी. प्रकरण मधीच तोडती."

"ठावं हाय."

"कसं?"

"कुठला लिवणारा बाईला नदीत सोडून जेवाय जाईल? पर धोंडे, तान्ही कोकरं संगं असली की तू काय करायचीस?"

मोठ्या मेंढरांचा मुक्काम कितीही लांब असो, कोकरांना मी तेवढं कधी चालवलं नाही. बाभळीचा डहाळा हातात धरून पुढं व्हायचं. ती दमायच्या आत बसवायचं, आणि पोट भरायच्या आत डहाळा उचलायचा. मग आपणहून उठायची.

संध्याकाळी उत्कर्षानं हाक मारायच्या आधीच काठी वाजली. हे एकटेच गोठ्याच्या दारात. घामाघूम, पण उभे.

"सूनबाई, बुडली का वाचली ती?"

उत्कर्षा खुर्ची घेऊन धावली. पुस्तक माझ्या हातात बघून तिचा चेहरा उतरला. "आत्या, मी..."

पुस्तक तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "लबाड हायस तू. माझ्या घरात शोभतीस. पर कोकरू आता मोठं झालंय. उद्यापास्नं खुर्ची गोठ्याफुडच्या त्या लिंबाखाली ने, आन् चार पानं जास्त वाच."