उंदीर कुठे लिहिलाय

चर्रर्र.

बराच वेळ घर गप्प होतं आणि तेच आईला खटकत होतं. चार वर्षांची पोर जागी असताना घर असं गप्प बसत नाही. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचे कान दोनदा खोलीभर फिरून रिकामे परत आले होते. आणि मग हा आवाज. अगदी बारीक, चिकटपट्टी सोलावी तसा. थोडा थांबला, पुन्हा आला. चर्रर्र.

"भिंगरे, काय चाललंय?"

"काही नाही."

हे 'काही नाही' पलंगाखालून आलं, तेव्हा आईने हातातला टॉवेल तसाच टाकला.

पोरीचं खरं नाव वेगळं होतं. पण पाय फुटल्यापासून ती एका जागी ठरली नाही म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. आईला दिसत नव्हतं. जन्मापासूनच नव्हतं, त्यामुळे त्याचं तिला नवल नव्हतं आणि घरातली वस्तू न् वस्तू तिच्या हाताच्या ओळखीची होती. तिने पलंगाखाली हात घातला. आधी पाय लागला, मग पुस्तक. पुस्तक उघडंच होतं. तिने सवयीने पानाच्या तळाशी बोट नेलं, तर तिथे काहीच नाही. नुसता गुळगुळीत कागद आणि गोंदाचा चिकट पट्टा.

आईने आधी पुस्तक बाहेर ओढलं, मग भिंगरीला.

पुस्तक ग्रंथालयाचं होतं. दुकानात मिळतं तसलंच चित्रांचं पुस्तक, पण ग्रंथालयवाले त्यातल्या प्रत्येक ओळीवर एक पारदर्शक पट्टी चिकटवत आणि त्या पट्टीवर तीच ओळ ब्रेलच्या ठिपक्यांत उठवलेली असे. चित्र झाकलं जात नाही, छापलेली अक्षरं झाकली जात नाहीत आणि आईच्या बोटाला सगळं कळतं. न दिसणाऱ्या आईबापांना दिसणाऱ्या पोरांसोबत वाचता यावं म्हणून केलेली ही सोय. अशी पुस्तकं सगळी मिळून एका कपाटात मावतील एवढीच. पहिलं पुस्तक घरी आलं त्या दिवशी आई नवऱ्याला म्हणाली होती, "आता पोरीला गोष्ट वाचून दाखवायला मला कुणाची मनधरणी करायला नको." नवरा म्हणाला होता, "म्हणजे माझी सुटका." दोघंही खूश होती.

आता त्या पट्ट्यांचं काय झालं होतं ते ती पानं उलटत चाचपून बघू लागली. एक पानाच्या कोपऱ्यात तिरकी. एक मधोमध. एक वरच्या कडेला अर्धी लोंबकळत. एक भिंगरीच्या हनुवटीला. मधोमध असलेली तिने वाचली. सुरुवातीला ह, शेवटी पूर्णविराम, म्हणजे वाक्य तर धड दिसत होतं, पण मधे नुसता गोंधळ. मग तिच्या ध्यानात आलं. पट्टी उलटी चिकटवली होती. ब्रेलमधला ह डोक्यावर उभा केला की पूर्णविराम होतो आणि पूर्णविराम उलटा केला की ह. गोष्टीतली बहुतेक वाक्यं हत्तीपासून सुरू होणारी, त्यामुळे हत्ती उलटा झाला तरी दोन्ही टोकांनी शहाण्यासारखा वागत होता.

"का काढल्यास गं पट्ट्या?"

"तुला वाचता यावं म्हणून."

"वाचता यावं म्हणून? अगं, मला वाचता येत होतं की."

"नव्हतं येत," भिंगरी म्हणाली आणि हनुवटीवरची पट्टी सोलायला लागली.

आईला हे बोलणं जिव्हारी लागलं, कारण ते पहिल्यांदा आलेलं नव्हतं. नवऱ्याची मोठी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, सुट्टीच्या दिवशी येऊन हेच पुस्तक पोरीला वाचून दाखवायची. तेव्हापासून भिंगरी आईच्या वाचनावर नाक मुरडायला लागली होती. गोष्ट साधी होती. हत्तीला झोप येत नव्हती. हत्ती पलंगावर झोपला, पलंग मोडला. हत्ती गच्चीवर झोपला, गच्ची खचली. हत्ती नदीत झोपला, नदी फुटून दोन झाल्या. शेवटी तो जमिनीवर झोपला आणि त्याला झोप लागली. श्श. संपलं. पण भिंगरी प्रत्येक पानावर आईचं बोट अडवायची. "तू उंदीर वाचत नाहीस."

"उंदीर नाहीये पुस्तकात."

"आहे. आत्या वाचते."

"आत्या मनचं सांगते, बाळा."

"मग आत्याच वाचेल. तू नको."

असं म्हणून पोर मांडीवरून उतरून गेली होती. पुस्तक मांडीवर तसंच राहिलं, हलकं झालं की जड, ते आईला ठरवता आलं नव्हतं. हे दोन दिवसांपूर्वीचं.

तिने ग्रंथालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनाही दिसत नव्हतं, त्या स्वतः ठिपक्यांवरच वाढलेल्या. पट्ट्या उठवून झाल्या की तपासायचं काम त्यांचं. झालेला प्रकार ऐकून त्यांना राग आला नाही.

"अहो, मागच्या वेळी एकाने पट्ट्या खाल्ल्या होत्या," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी त्या मानाने सोज्वळ आहे. पट्ट्या सगळ्या आहेत ना? मग सोपं आहे. छापील वाचणारं कुणीतरी शेजारी बसवा. ते पान वाचतील, तुम्ही पट्टी ओळखा, आणि लावून टाका. एकट्याने व्हायचं नाही. त्यांना पट्टी कळणार नाही आणि तुम्हाला पान."

"बाई, अजून एक विचारायचं होतं." आईने आवाज खाली आणला. "या पुस्तकात उंदीर आहे का हो?"

"कुठल्या पानावर?"

"कुठल्याही."

"थांबा हं." पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग तपासणीसाठी ठेवलेल्या प्रतीच्या जाड कागदावर बोट फिरल्याची खसखस. बाई तोंडातल्या तोंडात वाचत होत्या. हत्ती, पलंग, हत्ती, गच्ची. "नाही बाई. हत्तीशिवाय चिटपाखरू नाही. का?"

"काही नाही. आमच्याकडे एकीला तो भेटतो."

फोन ठेवला तेव्हा आईला बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटावं याचं थोडं वाईटही वाटलं. दोघींनी, दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या बोटांनी खात्री केली होती. आता फक्त नणंदेला, ताईंना, बोलवायचं होतं. नवरा कामावरून यायला वेळ होता. पण खरं सांगायचं तर तिला ताईच हव्या होत्या. उंदराचा निकाल त्यांच्या तोंडावर लागायला हवा होता.

ताई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसत. दिवसभर गाल धरून आलेल्या माणसांशी बोलून त्यांचा आवाज जरा जास्तच गोड आणि जरा जास्तच मोठा झाला होता. दुपारच्या सुट्टीत त्या आल्या त्या दारातूनच बोलत.

"तू आपणहून बोलावलंस म्हणजे काहीतरी मोडलंय, नाहीतर सांडलंय."

"सुटलंय," आई म्हणाली. "बसा. मी पट्टी काढते, तुम्ही पान वाचा. अक्षरशः जे छापलंय तेवढंच वाचायचं."

"तेवढंच म्हणजे?"

"म्हणजे तेवढंच."

ताईंनी पुस्तक मांडीवर घेतलं. भिंगरी दोघींच्या मधे घुसली आणि तिने ऐसपैस जागा केली.

"हत्तीला झोप येत नव्हती," ताईंनी वाचलं.

"पुढे?"

"पुढे काही नाही. पूर्णविराम."

आईने बोटाने पट्टी शोधली. ती तिसऱ्या पानावर निघाली, खालच्या कोपऱ्यात. ती हलकेच सोलून तिने ताईंच्या हातात दिली आणि ताईंनी ती ओळीवर बसवली. असं एक पान झालं. आईने घसा साफ केला.

"ताई, एक विचारू का? राग मानू नका."

"राग येण्यासारखं असेल तर आधी चहा ठेव."

"या पुस्तकात उंदीर नाही. मी ग्रंथालयात फोन करून विचारलं."

ताईंनी पुस्तकातून मान वर केली.

"ग्रंथालयात तू फोन केलास. उंदीर आहे का विचारायला."

"हो."

"आणि ते म्हणाले नाही."

"बाईंनी सगळं पुस्तक वाचलं. पहिल्यापासून."

"अगं, पण पानापानावर आहे की. हा काय, इथे. पलंगाखाली."

"कुठे लिहिलाय?"

"लिहिला नाहीये गं," ताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज काउंटरवरचा राहिला नाही. "काढलाय. चित्रात आहे. त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर बोलत नाही, पण तो प्रत्येक पानावर आहे. हत्तीमागून एक पांघरूण ओढत हिंडतोय बिचारा."

आईचं बोट पानावर जिथे होतं तिथेच थांबलं. चित्राबद्दल तिला ठाऊक होतं, म्हणजे ते असतं हे ठाऊक होतं. पण तिच्या समजुतीत चित्र म्हणजे तीच गोष्ट, डोळ्यांसाठी पुन्हा सांगितलेली. हत्ती झोपला, तर चित्रातही हत्ती झोपला असणार. ओळीत नसलेला कुणी चित्रात राहत असेल, गुपचूप, सगळ्या पुस्तकभर, हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ग्रंथालयातल्या बाईंनाही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"थांब," ताई एकदम म्हणाल्या. त्यांनी भराभर पानं उलटली. "या पट्ट्या कशा लावल्यात बघ."

"मी बघू?"

"अगं, म्हणजे ऐक. गच्चीच्या पानावर पट्टी कुठे आहे? डावीकडे, वर. तिथे पाण्याच्या टाकीवर उंदीर आहे. नदीच्या पानावर मधोमध. तिथे तो पांघरुणाची होडी करून बसलाय. या पानावर पार खाली कोपऱ्यात, झुडपामागे." ताई थांबल्या. "हिने एकूण एक पट्टी उंदरावर नेऊन चिकटवलीय."

भिंगरी आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत होती. "आईचं बोट तिथे जातच नाही," ती म्हणाली. "पट्टीवरच जातं. म्हणून मी पट्टी तिथे नेली. आईला वाचता यावं म्हणून."

आईने चाचपून तिला जवळ ओढलं.

"बाळा," आई म्हणाली, "आत्या मनचं सांगत नव्हती हं. मीच चुकीचं बोलले."

"काय मनचं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही ताई. चहा ठेवते."

"बस खाली. चहा पळून जात नाही. मनचं काय?"

"मी म्हणाले होते की तुम्ही भर घालता."

"घालतेच," ताई म्हणाल्या. "नदीच्या पानावर मी एक मगर घालते. ती खरंच नाहीये. तेवढं तुला कबूल करते. पण उंदीर माझा नाही."

मग काम सुरळीत सुरू झालं. ताई ओळ वाचत, आई पट्टी शोधून देई, ताई बसवत. फरक एवढाच झाला की पट्टी सोलण्याआधी आई तिच्यावर बोट ठेवून विचारायची, "इथे तो काय करतोय?" आणि ताई सांगायच्या. पलंगाच्या पानावर पांघरुणाची घडी त्याच्या डोक्यावर आहे. गच्चीच्या पानावर पांघरुणाचं टोक टाकीच्या नळात अडकलंय आणि तो पाय टेकून ओढतोय. ताईंना मधेच दवाखान्यातून फोन आला, तो त्यांनी "दाढ आहे ना, थांबेल थोडी" म्हणून कापला.

शेवटचं पान आलं.

"हत्तीला झोप लागली," ताईंनी वाचलं. ती पट्टी आधीच्याच पानावर सापडली. "आणि खाली, एकटंच, श्श."

ही सगळ्यात छोटी पट्टी, पेराएवढी. आईने पानभर बोट फिरवलं. पार उजव्या कडेला, जिथे पान संपतं तिथे, ती तिला लागली. सुलटी होती, सरळ होती, आणि कडा नखाने नीट दाबून बसवलेल्या होत्या.

"इथे तो काय करतोय?"

"पांघरूण घालून झालंय. हत्तीच्या एका नखावर कसंबसं पुरलंय," ताई म्हणाल्या. "आणि हा तोंडावर बोट ठेवून उभा आहे."

आईच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच राहिलं. हे श्श तिने कितीदा तरी वाचलं होतं. गोष्ट सांगणाराच ते म्हणतोय असं धरून, हळू आवाजात, पोरीच्या केसांत. उंदराचं बोलणं आजवर आपल्याच तोंडून होत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता.

"दे, बसवते ओळीवर," ताई म्हणाल्या.

"ही राहू द्या," आई म्हणाली. "ही बरोबर जागी आहे. बाईंना मी सांगते. चित्रांचं काय करता येईल तेही विचारते."

ताई चहा न घेताच गेल्या, दाढ थांबलेली होती म्हणून. दार लागलं. भिंगरीने पुस्तक ओढत आणलं, आईच्या मांडीवर चढली आणि पाठ टेकून नीट बसली.

"तू हत्ती वाच. उंदीर मी वाचते."

तशी दोघींनी गोष्ट वाचली. आईचं बोट ओळीवरून चालायचं, ओळ संपली की भिंगरी ते उचलून उंदरापाशी न्यायची आणि तिथलं सांगायची. नदीत मगर निघाली. आईने तिला हरकत घेतली नाही. शेवटच्या पानावर बोट न्यावं लागलं नाही. ते आपणहून कडेपर्यंत गेलं.

"श्श," आई म्हणाली.

"तो इकडेच बघतोय," भिंगरी कुजबुजली.

"कुणाकडे?"

"आपल्याकडे." मग पुढे वाकून तिने चित्र जवळून बघितलं, मान वळवून आईचा चेहरा बघितला, पुन्हा चित्र बघितलं.

"आई, तुला उंदीर दिसत नाही. पण उंदराला तू दिसतेस का?"