दोन कव जागा

आमच्या बेकरीत टेप नाही. म्हणजे आहे, पण ती कुठल्या तरी खणात पिठाने चिकटून पडलेली असते आणि ओढली की अर्ध्यातच अडकते. म्हणून आमच्याकडे लांबी माझ्या कवेने मोजतात. मी भिंतीला पाठ लावायची, दोन्ही हात आडवे पसरायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत एक कव. मी वीस वर्षांची असताना बाबांनी एकदा नीट मोजून ठेवलं होतं: बरोबर पाच फूट, ना सूतभर कमी ना जास्त. तेव्हापासून टेबलं, फळ्या, ट्रे ठेवायचे घोडे, सगळं माझ्या मापाने झालं. सुतार आला की आधी मला हाक मारायचा, मग चहा मागायचा.

आता मी छप्पन्नची आहे. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, पीठ मळण्यात पडले. बाबा गेल्यावर बेकरी मी आणि धाकट्या भावाने चालवली. मळणं माझं, भाजणं त्याचं, गल्ला भावजयीचा. भावाला घरात सगळे बारक्या म्हणतात. वजन पंच्याण्णव किलो झालं, पण नाव काही सुटलं नाही. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा बाबांनी घालून दिलेला नियम. बारक्या पिठाला हात लावत नाही आणि मी ओव्हनचं बटण फिरवत नाही. भांडणं त्यामुळे कमी होतात. बंद होत नाहीत, कमी होतात.

तर मुद्द्यावर येते. गेले सात महिने माझा उजवा खांदा धरला होता. हात वर जाईना, मागे जाईना, केस बांधायचे म्हणजे नाकी नऊ यायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खांदा आखडलाय, मळणं बंद. मी "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी परत टेबलाशी उभी राहिले. रोजचं चाळीस किलो पीठ. डाव्या हाताने रेटायचं आणि उजवा नुसता पिठावर टेकवून ठेवायचा, बघणाऱ्याला वाटावं दोन्ही चालतायत. घरात कोणाला काही सांगितलं नाही.

पण पीठ काही माझी कीव करणार नव्हतं. पाव बसायला लागला. पूर्वी बोटाने दाबला की पुन्हा वर यायचा, आता दाबला की दाबलेलाच राहायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. शाळेच्या कॅन्टीनवाल्या बाईंनी तर तोंडावर सांगितलं, "महिनाभर वाट बघते, नाहीतर दुसरीकडून घेईन." त्यांचे रोजचे दोनशे पाव. ते गेले तर बेकरीच बसली असती. बारक्याने ओव्हनचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि जाहीर केलं, "ताई, हा म्हातारा झालाय. उष्णता धरत नाही. नवा घ्यायला लागणार."

दोष त्याच्याच बाजूला असणार हे त्याने न बघताच मान्य करून टाकलं. माझ्या पिठावर शंका घ्यायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मला काय कळत नव्हतं का? पण बोलले असते तर त्याने ओव्हन नसता आणला, पीठ मळायचं मशीन आणलं असतं. आणि मग मी काय करायचं? भावजयीशेजारी स्टूल टाकून पिशव्या मोजत बसायचं? तीस वर्षं ज्या जागेवर उभी राहिले तिथे लोखंडी भांडं गरगरणार आणि जो तो म्हणणार, ताई, आता आराम करा. त्या 'आराम करा'ची मला धडकी भरली होती. आमच्याजवळ पैसे एकाच मशीनपुरते होते. एकदा ते ओव्हनमध्ये गेले की विषय संपला, आणि खांदा काय, होईल आपोआप बरा, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नवा ओव्हन मागच्या भिंतीला लावायचा ठरलं. बारक्या म्हणाला, "ताई, तेवढी जागा मोजून ठेव." दुपारी दोघं नवरा-बायको जेवायला गेल्यावर मी भिंतीला पाठ लावली. डावा हात आडवा झाला. उजवा कमरेच्या जरा वर आला आणि तिथेच अडकला, तिरपा, खाली झुकलेला. म्हटलं, खाली असला म्हणून काय झालं, हात तेवढाच लांब आहे की! पिठाच्या बोटाने खूण केली, पुढे सरकले, परत पसरले. कोपऱ्यापासून हात धुवायच्या मोरीपर्यंत बरोबर दोन कव भरली. बारक्या आल्यावर सांगितलं, "दोन कव." तो म्हणाला, "म्हणजे दहा फूट. मला जरा कमी वाटत होती. पण तू मोजलीस म्हणजे झालं."

तीन दिवसांनी आम्ही दोघं मशीनच्या दुकानात गेलो. काय ते दुकान! सगळीकडे स्टील, पिठाचा कण औषधालासुद्धा नाही. लाल टाय लावलेला एक विक्रेता हसत पुढे आला. दारातच पीठ मळायचा मोठा मिक्सर मांडला होता, खाली पिंपाएवढं भांडं आणि वरून आत उतरलेला जाडजूड आकडा.

"मावशी, सुरुवात इथूनच करू या," टायवाला म्हणाला. "पंचवीस किलो पीठ, बारा मिनिटांत तयार."

"तुझी मावशी होण्याइतकी मी म्हातारी नाही," मी म्हटलं, "आणि आम्हाला ओव्हन बघायचाय."

"अगं ताई, बघायला पैसे पडतात का?" बारक्या म्हणाला.

"वेळ जातो," म्हणून मी तरातरा पुढे निघाले. त्या आकड्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

ओव्हन निवडायची बारक्याची स्वतःची रीत आहे. माहितीच्या कागदाला तो हात लावत नाही. घरून पिशवी भरून मैदा आणतो, ट्रेवर पातळ पसरतो, ट्रे तापलेल्या ओव्हनमध्ये सारतो आणि दहा मिनिटांनी काढून बघतो, कुठे करपलंय आणि कुठे पांढरं राहिलंय. टायवाला आधी हसला, मग घाबरला, कारण दुकानभर जळक्या पिठाचा वास सुटला. काचेच्या दाराच्या देखण्या ओव्हनमध्ये मागचा कोपरा कोळसा झाला आणि पुढची बाजू कोरी राहिली. बारक्याने नुसती मान हलवली. मग एक साधा तीन मजली ओव्हन निघाला. त्यातले तिन्ही ट्रे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे बदामी.

"ताई, बघ!" तो म्हणाला. "बघ जरा! आता पाव कसा फुगत नाही तेच बघतो."

एवढा खूश मी त्याला कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. मला माझीच लाज वाटली. अरे बाबा, तुझ्या जुन्या ओव्हनमध्येही पीठ असंच भाजेल, घरी जाऊन एकदा करून तर बघ, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी गिळलं. टायवाल्याने सांगितलं, आगाऊ रक्कम आत्ता नको, आधी आमचा फिटर येऊन जागा बघेल.

फिटर सोमवारी आला. पांढऱ्या केसांचा, कमी बोलणारा, कमरेला स्वतःची टेप. मागच्या भिंतीला टेप लावली, परत लावली, आणि म्हणाला, "आठ फूट चार इंच. ओव्हन सात फुटांचा आहे, दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळा हवा. बसणार नाही."

बारक्या हसायला लागला. "काका, टेप बदला. ही जागा दोन कव आहे. दहा फूट."

"कव म्हणजे?"

"आमच्या ताईची कव. पाच फुटांची एक. ताई, दाखव गं त्यांना."

"मला काम आहे," मी म्हटलं.

"एक मिनिट लागेल."

"त्यांची टेप आहे ना? ठेव की विश्वास तिच्यावर."

तिथेच तो सावध झाला. मोजायला नाही म्हणणारी ताई त्याने जन्मात बघितली नव्हती. भावजय गल्ला सोडून आत आली. दोन गिऱ्हाइकं मान लांब करून बघायला लागली. आता पळायला जागाच नव्हती. मी भिंतीला पाठ लावली आणि हात पसरले.

डावा गेला. उजवा अर्ध्यात थांबला. मी जोर केला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि तोंडातून "आई गं!" निघून गेलं. बारक्या माझं कोपर उचलायला धावला, तशी मी ओरडले, "हात लावू नकोस!"

तो फिटर बिचारा भला माणूस. त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने माझ्या दोन्ही बोटांपाशी भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या आणि टेप लावली. "चार फूट दोन इंच," तो हळूच म्हणाला. "दोन वेळा घेतलं की आठ फूट चार. ताईंनी मोजण्यात चूक केलेली नाही."

"कधीपासून?" बारक्याने विचारलं.

"सात महिने झाले."

तो मनात मागे मोजत गेला, मला दिसत होतं. मग फळीवरचा एक पाव उचलून त्याने मधोमध तोडला, आतला घट्ट गर बोटाने दाबून बघितला.

"म्हणजे ओव्हनला काहीच झालेलं नाही."

"नाही."

"आणि तू मला दुकानात ट्रेवर ट्रे पीठ जाळू दिलंस."

"बारक्या, ऐक..."

"सात महिने मी त्या ओव्हनशी झगडतोय, ताई. आच वाढव, आच कमी कर, ट्रे वर घे, खाली घे. तुला माहितेय मला काय वाटत होतं? ओव्हन वगैरे नुसतं म्हणायला. मला वाटत होतं मीच भाजायचं विसरलो. माझा हात गेला."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी इतके दिवस माझी जागा जाईल म्हणून भीत होते आणि हा माझ्यापासून दहा पावलांवर उभा राहून रोज तेच भीत होता, माझ्यामुळे.

"मशीन आलं तर मी काय करू, सांग ना," मी म्हटलं.

"मला काय माहीत!" तो ओरडला. "पण मला विचारायचं तरी होतंस!" आणि पाव तिथेच टाकून आत निघून गेला. भावजयीने फिटरला चहा दिला.

दोन दिवस बारक्या माझ्याशी कामापुरतं बोलला. ते दोन दिवस पीठ भावजयीने मळलं, मी शेजारी उभी राहून सांगत होते. ती बिचारी घामाघूम झाली आणि पाव आणखीच बसला. कॅन्टीनवाल्या बाईंचा महिना संपायला नऊ दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी मीच मैदा, यीस्ट, मीठ पिशवीत भरलं आणि बारक्यापुढे जाऊन उभी राहिले.

"चल, मिक्सर बघून येऊ. पण पीठ आपलं घालायचं आणि निवडणार मी."

त्याने एप्रन सोडला. "चल," एवढंच म्हणाला.

टायवाल्याने या वेळी मावशी म्हणायची चूक केली नाही, मॅडम म्हणाला. पहिला मिक्सर मी दोन मिनिटांत बंद करायला लावला. त्याचा आकडा पीठ नुसतं ढकलत होता, तळाशी कोरडा मैदा तसाच. दुसऱ्याचा आवाज इतका की गिऱ्हाइकाची हाक ऐकू आली नसती. तिसऱ्यात भांडंही फिरत होतं. मी आमचं पीठ घातलं, पाणी हाताच्या अंदाजाने घातलं आणि जाळीशी कान नेऊन उभी राहिले. आधी आतून नुसती घरघर. मग गोळा एकत्र आला आणि भांड्याच्या कडेवर थप-थप आपटायला लागला. आठव्या मिनिटाला ती थाप बदलली, ओली होती ती कोरडी झाली.

"बंद कर."

"मॅडम, कंपनीने बारा मिनिटं दिलीयत."

"कंपनीला काय कळतंय? मरेल ते पीठ! बंद कर म्हणते ना!"

बारक्याने हात लांब करून बटण दाबलं. मी जाळी उचलली आणि उजवा हात आत घातला. खाली घालायला खांदा आड येत नव्हता. पीठ बोटांना चिकटलं नाही. चिमूटभर घेऊन ताणलं तर पापुद्रा होत गेला, पातळ, आणखी पातळ, त्यातून माझी बोटं दिसायला लागली, तरी फाटेना.

असं पीठ मी सात महिन्यांत बघितलं नव्हतं. ते माझं पीठ होतं, दोन्ही हात धड असतानाचं. आणि ते मी मळलेलं नव्हतं. त्या चकचकीत दुकानात, चार लोकांसमोर मला रडू फुटलं, आणि पिठाचे हात घेऊन डोळे पुसायचीही सोय नव्हती.

टायवाला घाबरला. "मॅडम, काय झालं? पीठ बिघडलं का?"

बारक्याने माझ्या हातातला पापुद्रा उजेडाकडे धरून बघितला.

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "बिघडलं असतं तर बरं झालं असतं. हाच पाठव."